ठिपक्याला कळू देऊ नका

आत्याला मी तिसऱ्या भागाच्या जागी पाचवा भाग नेऊन दिला. वाचताना हे किरकोळ वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

मी वाचनालयात कामाला आहे, बालविभागात. परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची आणि पोरांनी खुणेसाठी ठेवलेले चॉकलेटचे कागद पानांतून काढायचे, हे माझं काम. आमच्याकडे सगळ्या पुस्तकांना एकाच रंगाचे खाकी पुठ्ठे घालतात, त्यामुळे साहसकथा आणि भूगोल लांबून सख्खे भाऊ दिसतात. कण्यावरची चिठ्ठी गळून पडली की पुस्तक कितवं आहे हे उघडून बघावं लागतं. मी उघडलं नाही. दुसऱ्या भागाला टेकून उभा आहे म्हणजे तिसराच असणार, असं धरलं आणि आत्याच्या पिशवीत सरकवला.

"हाच ना रे?" तिनं विचारलं.

"हाच गं. मी वाचलाय," मी म्हणालो. मी तोवर पहिलाच भाग अर्धा वाचला होता.

आता आत्याचा एक नियम आहे. ती पुस्तक पहिल्या छापील अक्षरापासून वाचते. छापखान्याचा पत्ता, अर्पणपत्रिका, 'सर्व हक्क राखीव', काही सोडत नाही. "लिहिणाऱ्यानं लिहिलंय, छापणाऱ्यानं छापलंय, मधे आपण कोण गाळणारे?" असं तिचं म्हणणं. तिचा दुसरा नियम असा की वाक्य सुरू केलं की पूर्णविरामाशिवाय थांबायचं नाही. आत्या शिलाईच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिथल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवते. या दोन नियमांच्या कात्रीत सोमवारी सकाळी ती अख्खी खोली सापडली. पाचव्या भागाचं नावाचं पान फाटून गेलेलं होतं, आणि सुरुवातीलाच 'आतापर्यंत काय घडलं' असं एक पान होतं. आत्यानं ते ठणठणीत आवाजात वाचायला घेतलं. काहीतरी चुकतंय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती नेमकी या वाक्याच्या मध्यावर होती: 'यानावर लपलेलं ते यंत्र म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून सगळ्यांचा लाडका ठिपका आहे, आणि हे खुद्द ठिपक्यालाही ठाऊक नाही, हे उघड झाल्यावर...' पूर्णविराम अजून तीन ओळी लांब होता. आत्या तिथपर्यंत गेली.

शिलाई मशिनी एकामागून एक थांबल्या. वीज गेल्यासारख्या, असं मला नंतर सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाईनं त्यानंतर माझ्याबद्दल जे सांगितलं ते इथं लिहीत नाही.

गोष्टीचं नाव 'झोपलेलं यान'. पाच भागांची मालिका, कुमारवयीन मुलांसाठी. एका प्रचंड यानातली सगळी मोठी माणसं थंड कपाटांत झोपवलेली आहेत आणि जागी आहेत ती फक्त मुलं. त्यांनी यान चालवायचं, एकमेकांना सांभाळायचं, आणि त्यांच्यातलं एक मूल मूल नसून यंत्र आहे ते कोण, हे शोधायचं. ते यंत्र एका ठरावीक दिवशी यानाची दिशा बदलणार असतं. ठिपका हा त्यांतला सगळ्यात धाकटा. अंधाराला भिणारा, सगळ्यांना हसवणारा, झोपलेल्या आयांच्या कपाटांना रोज शुभ रात्री म्हणत फिरणारा. आता तोच.

शिलाईच्या खोलीत दोन अख्खे भाग यावर पैजा लागल्या होत्या. आत्याला तेरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं का लागतात, असं मला बालविभागातल्या बाईंनी एकदा विचारलं होतं. खरं कारण असं की माझ्या हाताला तीच लागतात. आधी मी मोठ्यांच्या विभागातून कौटुंबिक कादंबऱ्या मागून नेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी खोलीनं त्या परत पाठवल्या. "सासू-सून आम्ही घरून डब्यात घेऊन येतो," असा निरोप होता. "इथं काहीतरी लांबचं आण." अंतराळापेक्षा लांबचं माझ्याकडे काही नव्हतं.

आत्या त्या खोलीत लग्नाआधीपासून आहे. सातवीनंतर शाळा सुटली, सुई हातात आली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून एका खोलीत एकटी राहते, आणि गेली दोन वर्षं माझ्यासकट, म्हणजे एकटीपेक्षा वाईट. तयार शर्टांना काजं आणि बटणं करायची, दोरे कापायचे, घडी घालायची. एका शर्टाला तिथं नग म्हणतात. रोज सकाळी मुकादमबाई प्रत्येकीपुढे सारखे नग टाकते. आत्यापुढेही टाकते, कारण कागदोपत्री ती बटणवालीच आहे. वाचणारीची अशी काही जागा नसते. पण तिची टोपली भरली की प्रत्येक बाई आपल्या जागेवर जाताना त्यातला एकेक नग उचलून नेते. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी आभार मानत नाही. टोपली रिकामी झाली की आत्या चष्मा चढवते आणि मशिनींच्या वर आवाज लावते.

चष्म्याचंही एक शास्त्र आहे. तो डोळ्यांवर असेल तर शब्द पुस्तकाचे. कपाळावर गेला की शब्द आत्याचे. म्हणजे यानाचा प्रमुख 'गुरुत्वाकर्षण बंद करा!' असं ओरडतो तेव्हा चष्मा डोळ्यांवर असतो, आणि "एवढ्या थंडीत एकाच्या तरी अंगात स्वेटर असावा की नाही?" असं येतं तेव्हा कपाळावर. तिचे सगळे खलनायक माझ्या वडिलांच्या आवाजात बोलतात. मी तक्रार केली होती. ती म्हणाली, "धाकटा भाऊ आहे माझा. दुसऱ्या कुणाचा राग मला एवढा पाठ नाही."

आणि ती पुढचं पान आधी कधी वाचत नाही. पुस्तक रात्रभर आमच्या खोलीत पडलेलं असतं, पण हात लावत नाही. "त्यांच्यासोबत दचकायचं असतं मला," म्हणते.

तर त्या सोमवारी काय झालं ते तिनं मला सांगितलंच नाही. चहा दिला, पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि भाजी चिरायला बसली. आत्या रागावली की तासभर बोलते. न बोलणारी आत्या मी पहिल्यांदा बघत होतो. पुस्तक उघडून पान वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आत्या, उद्या तिसरा आणतो. खराखुरा."

"आण."

"छपाईची चूक होती म्हणून सांग त्यांना."

तिनं सुरी थांबवून माझ्याकडे असं बघितलं, की मी स्वतःच उठून दुसरा कांदा चिरायला घेतला.

मंगळवारी टोपली भरलेली राहिली.

बायका आल्या, तिच्यावरून आपापल्या जागेवर गेल्या. भांडण नाही, टोमणा नाही. एका पोरीनं कानात इअरफोन घातले. माईंनी, म्हणजे खोलीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या काजवालीनं, आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'हे पोर मी दत्तक घेतलं' असं त्यांनी ठिपक्याबद्दल दुसऱ्या भागातच जाहीर केलं होतं. आत्या बटणं लावायला बसली. दुपारपर्यंत तिचे तीन नग झाले, आणि त्यांतली दोन बटणं उलटी.

संध्याकाळी मुकादमबाई टोपलीपाशी उभी राहिली. ती वाईट बाई नाही. तिलाही वर उत्तर द्यावं लागतं. "हे बघ," ती म्हणाली, "नग निघत होते तोवर मी कधी विचारलं नाही कुणाच्या हातानं निघतात. मालक तर गाण्यांचा स्पीकरच लावायला निघालेत. शनिवारपर्यंत तुझी टोपली रिकामी झाली पाहिजे. कशी ते तुझं तू बघ. नाहीतर मला दुसरी बटणवाली घ्यावी लागेल."

आत्या म्हणाली, "एका पुस्तकावरून?" आणि शेजारून कात्री म्हणाली, "पुस्तकावरून कसलं?"

कात्री हे त्या बाईचं टोपणनाव. ती कापड कापते, आणि हातात कात्री नसते तेव्हा जिभेनं कापते. "पुस्तकावरून नाही," ती म्हणाली, "तू आवाजासाठी बसलीयस असं वाटतं का तुला? बोटं गेली होती तुझी. बटणं गळून पडायची, माल परत यायचा. माईंनी ठरवलं की हिला सांगायचं नाही, हिचे नग आपण उचलायचे आणि हिला वाचायला लावायचं. सगळ्या खोलीला ठाऊक होतं. तुलाच ठाऊक नव्हतं."

हे आत्यानं मला त्या संध्याकाळी सांगितलं, अगदी कात्रीच्या आवाजात. नक्कल उत्तम होती. मला हसू आलं नाही.

"मला वाटायचं, मी वाचते म्हणून त्या उचलतात," ती म्हणाली. मग आपली बोटं दिव्यासमोर धरून तिनं ती मिटायचा प्रयत्न केला. करंगळी आणि शेजारचं बोट निम्म्यावर थांबलं. मी दोन वर्षं तिच्या हातचं जेवत होतो. झाकण उघडायला डबा ती माझ्यापुढे का सरकवते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. वाटायचं, लाडानं.

"मग आता?" मी म्हणालो.

"तिसरा भाग आणलास का?"

"आणलाय. पण आत्या, आता काय उरलंय त्यात? यंत्र कोण ते सगळ्यांना कळलं. बिंग फुटलं."

"आपल्याला कळलं," ती म्हणाली. "त्याला कुठं कळलंय?"

वाचनालयात काम करत असूनही मला ते सुचलं नव्हतं.

बुधवारी मी रजा टाकली. मुकादमबाईनं मला दारातच अडवलं. "हा कोण?"

"माझा भाचा," आत्या म्हणाली. "माझे नग हा करेल. मी वाचेन."

"याला येतं?"

"नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मुकादमबाईनं माझ्या हातांकडे बघितलं, आत्याच्या हातांकडे बघितलं आणि टोपली माझ्याकडे सरकवली. मी टोपलीमागच्या स्टुलावर बसलो. खोलीतल्या सगळ्या नजरा माझ्यावर, आणि त्यांतली एकही प्रेमाची नाही. "हेच का ते शेवटापासून वाचणारे भाचेबुवा?" कुणीतरी म्हणालं. सुई ओवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माईंची दोन काजं झाली.

आत्यानं चष्मा चढवला. टोपली भरलेली असताना ती पहिल्यांदाच वाचत होती. छापखान्याच्या पत्त्यापासून सुरुवात झाली. इअरफोनवाली पोरगी मान हलवत कसलं तरी गाणं ऐकत होती. कात्री मुद्दाम खळ्ळखळ्ळ कापत होती. मी माझ्या बोटात पहिला टाका घातला.

तिसऱ्या भागात मुलं एकमेकांची परीक्षा घेतात. प्रत्येकाला बर्फाच्या खोलीत उभं करायचं, जो कुडकुडणार नाही तो यंत्र. ठिपक्याची पाळी येते. तो आत जातो आणि कुडकुडतो. दात वाजवतो, रडतो, 'पुरे, पुरे' म्हणतो. सगळे हसून त्याला बाहेर काढतात, घोंगडीत गुंडाळतात. एरवी खोलीनं इथं टाळ्या पिटल्या असत्या. पुढच्याच पानावर ठिपका प्रमुखाच्या बहिणीजवळ जातो आणि हळूच विचारतो: 'ताई, थंडी वाजते म्हणजे नक्की काय होतं? मी तुम्हा सगळ्यांचं बघून बघून केलं.'

ताई हसते. तिला तो विनोद वाटतो.

आत्या थांबली. वाक्य पूर्ण झालं होतं, नियम मोडला नव्हता. चष्मा कपाळावर गेला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. चष्मा कपाळावर ठेवून तिनं नुसतीच एकदा खोलीभर नजर फिरवली, आणि कितीतरी बायकांनी तेव्हा मान खाली घातली.

"सांगू नका गं त्याला," माई म्हणाल्या.

"कुणाला सांगतीयस, पुस्तकाला?" कात्री म्हणाली. पण तिची कात्री थांबली होती.

"कुणालाही. कळलं की तो त्या कपाटांना शुभ रात्री म्हणायचा नाही. लाज वाटेल त्याला."

"का वाटेल लाज? त्यानं काय पाप केलंय?"

"केलं नाही म्हणूनच वाटते."

"मला विचाराल तर त्या पोरीला कळायला हवं होतं," इअरफोनवाली म्हणाली. इअरफोन तिच्या गळ्यात कधी आले ते कुणी बघितलं नाही. "एवढं सरळ विचारलं त्यानं. हसली काय?"

यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ताई लहान आहे, ताई लहान नाही, आंधळी आहे, ठिपक्याला आतून ठाऊक असणारच, नसणार, असलं तरी तो स्वतःला सांगत नसेल. मी आजवर गोष्टीतली उत्सुकता म्हणजे शेवट न कळणं असंच समजत होतो. इथं शेवट सगळ्यांना कळला होता आणि एकीचाही हात चालत नव्हता. मुकादमबाई दारातून ओरडली, "नग कोण करणार? ते ठिपकं?" तेव्हा कुठं मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

या गडबडीत माई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत टोपलीपर्यंत आल्या, मला बाजूला सारलं आणि वरचा नग उचलला.

"थांब," आत्या म्हणाली. चष्मा अजून कपाळावरच होता. "दया म्हणून उचलत असशील तर ठेव खाली. आता मला ठाऊक झालंय."

माईंनी नग उलटसुलट करून बघितला, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं असावं.

"आधी दया होती," त्या म्हणाल्या. "पहिला महिनाभर असेल. मग तू ती विहिरीच्या चोराची गोष्ट वाचलीस आणि मला घरी जाऊन झोप लागेना. तेव्हापासून दया कुठली? आता चष्मा खाली कर. त्या पोराला घोंगडीत गुंडाळून मधेच सोडलंयस."

आत्यानं चष्मा खाली केला. काच पुसावी लागली, त्यात थोडा वेळ गेला. मग ती वाचायला लागली, आणि एकेक बाई उठून येत राहिली. मी केलेला एकुलता एक नग इअरफोनवालीनं उचलला, उजेडात धरला, सगळ्यांना दाखवला आणि उसवायला घेतला. त्या दुपारी ठिपक्याचे शब्द वाचताना आत्याचा आवाज निराळा लागला. बारीक नाही, लहान मुलासारखा तर नाहीच. ज्याला स्वतःबद्दल काहीतरी उमगायला लागलंय आणि अजून थोडा वेळ हवा आहे, अशा माणसाचा.

संध्याकाळी टोपलीत एकच नग उरला होता. कात्रीचा. ती सामान आवरत होती.

"तू नाही उचलणार?" मी विचारलं. आत्या बाजूला मुकादमबाईशी बोलत होती.

"मला गोष्टच धड ठाऊक नाही, मी का उचलू?" ती म्हणाली. "पहिला भाग चालू होता तेव्हा मला महिनाभर खालच्या मजल्यावर कापायला पाठवलं होतं. हे यान निघालं कुठून, मोठी माणसं झोपली का, काही पत्ता नाही. या बाया त्या पोरासाठी रडतात आणि मी नुसती बघत बसते. विचारलं की म्हणतात, तुला नाही कळायचं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"कुणाला? मी विचारणारी वाटते का?"

"मी आणून देतो पहिला भाग. तुझ्यासाठी, घरी वाचायला."

"कधी?"

"उद्या."

तिनं मला नीट न्याहाळलं, उधारीवर माल देताना दुकानदार बघतो तसं. मग नग उचलून पिशवीत कोंबला. "घरी करते," ती म्हणाली. "तिला सांगू नको. आणि काल बोलले ते... ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं." हे शेवटचं वाक्य खरं की तिची समजूत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आत्यानं मात्र तिच्याशी दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखंच भांडायला सुरुवात केली.

शनिवारी मुकादमबाईनं टोपली बघितली. रिकामी होती. स्पीकरची तार भिंतीवर ठोकायला माणूस आला तेव्हा तिनं त्याला "इथं नको, आवाज नीट येत नाही" असं सांगून खालच्या मजल्यावर पाठवलं.

आता चौथा भाग चालू आहे. पाचवा आमच्या खोलीत कपाटावर ठेवलेला आहे. ठिपक्याचं पुढं काय होतं ते त्यात आहे आणि आत्या त्याला हात लावत नाही. बायका अधूनमधून विचारतात, "तो जगतो का गं?" आत्या चष्मा वर करून "मला काय ठाऊक," म्हणते, आणि सगळ्यांना बरं वाटतं. डबा ती आता माझ्यापुढे सरळ आपटते. "उघड रे. माझ्याच्यानं होत नाही."

कात्रीचा पहिला भाग मात्र राहिलाच. दुसऱ्या दिवशी वाचनालयात बघितलं तर तो एका शाळकरी मुलीनं नेलेला. तिनं मुदत वाढवून घेतली. मग पुन्हा वाढवली. मी तिला दारात गाठून विनंती केली, तर ती म्हणाली, "दादा, मी सावकाश वाचते. चांगलं आहे ना ते." कात्रीला म्हटलं, तोवर मी तोंडी सांगतो. ती म्हणाली, तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी त्या कपाटात जाऊन झोपते.

आत्याला डबा द्यायला जातो तेव्हा कात्री कापडावरून नजर न उचलता डावा हात माझ्यासमोर पसरते. मी त्यावर पुस्तकाऐवजी 'येत्या सोमवारी' असा वायदा ठेवतो. ती हात मिटते आणि कापायला लागते.